मास्तरांनी मान दिली

सगळ्या जगात मान दिला जातो, या घरात मान दिली जायची. मास्तर ड्रमवर बसले की बँडमधल्या एकाकडे बघून हनुवटी खाली न्यायचे. ज्याच्याकडे बघितलं त्यानं पुढं सरायचं आणि त्या घडीला मनात येईल ते वाजवायचं, बाकीच्यांनी त्याला सांभाळून घ्यायचं. याला घरात मान देणं म्हणत. कुणाला किती वेळा मान मिळाली यावरून जेवणाच्या टेबलावर रुसवेफुगवे होत. एकदा आत्याला अख्ख्या कार्यक्रमात मान मिळाली नाही म्हणून ती चार दिवस भावाशी, म्हणजे मास्तरांशी, बोलली नव्हती, असं सांगतात. आत्या चार दिवस गप्प बसली यावर मात्र घरातल्या कुणाचाच विश्वास नाही.

त्या दुपारी नगरसभेच्या समितीपुढे मास्तरांनी थोरल्या लेकीकडे बघून अशीच हनुवटी खाली नेली, आणि तिथंच घात झाला.

लांब टेबलापलीकडे समितीचे लोक बसले होते. अलीकडच्या खुर्च्यांवर घरची माणसं होती आणि मागच्या बाकांवर तळघरात येणारे श्रोते आणि शनिवारच्या वर्गातली पोरं. अध्यक्षबाई चष्मा घरी विसरून आल्या होत्या, त्यामुळे कागद अगदी नाकाशी धरून वाचत होत्या. वाचनालयाखालच्या तळघरातले जॅझचे कार्यक्रम आणि मोफत वर्ग बंद करायचे, अनुदान थांबवायचं, आणि त्या जागी मास्तरांच्या नावानं एक स्मृतिदालन करायचं, असा प्रस्ताव होता. काचेमागे त्यांचे ड्रम ठेवणार होते. लोकांनी कानाला यंत्र लावून जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची. माणूस जिवंत समोर बसलेला असताना त्याचं स्मृतिदालन करायला निघालेली ही बहुधा पहिलीच समिती असावी.

"जुना करार असा आहे," कागदाआडून अध्यक्षबाई म्हणाल्या, "की मास्तर बँड चालवताहेत तोवर त्यांच्या संमतीशिवाय जागेचा वापर बदलता येणार नाही. तेव्हा मास्तर, या बदलाला आपली संमती आहे का?"

कागद खाली आला. मास्तरांनी डावीकडे थोरलीकडे पाहिलं आणि हनुवटी खाली नेली.

थोरली उठली. ती बँडमध्ये वाजवायची आणि एरवी सुषिरवाद्यं, म्हणजे फुंकून वाजवायची वाद्यं, दुरुस्त करायची. सॅक्सोफोनच्या भोकावर बसणारी एखादी गादी जराशी जरी उचलली गेली असेल, तरी वाजवणारा खोलीच्या त्या टोकाला असताना तिला हवेची गळती ऐकू यायची. गेले कित्येक दिवस वाद्यांच्या वाकलेल्या कळा सरळ करताना ती आजचं बोलणं पाठ करत होती. तिनं घसा साफ केला.

"संमती आहे," अध्यक्षबाई लिहून घेणाऱ्याला म्हणाल्या. "नोंद करा."

"थांबा," थोरली म्हणाली. "ती मान मला होती."

मागे कुणीतरी हसलं.

"आपल्याला म्हणजे?"

"म्हणजे मी बोलावं म्हणून. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"प्रश्न मी मास्तरांना विचारला होता, बाई. त्यांनी मान हलवून होकार दिला, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं."

थोरलीनं धाकट्याकडे पाहिलं. तिचा धाकटा भाऊ शहरातलं मोठं रुग्णालय चालवायचा. समित्यांपुढे कसं बोलायचं हे त्याला ठाऊक होतं. तो सावकाश उठला. आता हा सगळं सावरून घेणार, असं तिला वाटलं.

"बाबांची संमती आहे," धाकटा म्हणाला. "घरात आमचं बोलणं झालंय."

घरात असं कसलंही बोलणं झालं नव्हतं. आत्याच्या मांडीवरची पर्स घरंगळत खाली गेली. धाकट्याची बायको वकील होती, आणि नवऱ्याचं बोलणं ऐकून तिनं हातातलं पेन टोपण न लावताच पिशवीत टाकलं. अध्यक्षबाईंनी चहासाठी सुट्टी जाहीर केली. चहानंतर मतदान होणार होतं.

*

बाहेरच्या व्हरांड्यात एक बाक होता, एक उंच खिडकी होती आणि चहाचं टेबल होतं. मास्तर कोट नीट करत आले आणि त्यांनी थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुरेख बोललीस," ते म्हणाले. "थोडक्यात, पण नेमकं. मी असतो तर पाल्हाळ लावलं असतं."

पाठ केलेलं एकही वाक्य थोरली बोललीच नव्हती. वडील टोमणा मारताहेत असं तिला आधी वाटलं, पण मास्तरांना टोमणे जमत नसत. ते काम आत्याचं होतं.

आत्याची पर्स पुन्हा पडली. ती उचलायला वाकता वाकता थोरलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही हो का म्हणालात?"

"हो ना," मास्तर म्हणाले. "गरमच होतं आत."

ती वाकलेलीच राहिली. मग सरळ झाली, चहा आणायला निघाल्यासारखी त्यांच्या मागे गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमच्या कोटाला मागून पांढरा रंग लागलाय."

मास्तरांचा कोट म्हणजे मास्तरांचा जीव होता. पावसाचा थेंब पडला तरी ते तो काढून उलटा करून बघायचे. आता ते खिडकीबाहेर बघत शांत उभे होते. थोरलीनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी जवळजवळ ओरडून. चहाच्या टेबलाजवळची माणसं वळली. मास्तर वळले नाहीत.

"ताई, पुरे," धाकटा म्हणाला.

त्याच्या आवाजावरूनच तिला सगळं कळलं. "तुला माहीत होतं."

"गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून. मीच घेऊन गेलो होतो कानाच्या डॉक्टरांकडे. बोलणं अजिबात ऐकू येत नाही, ओठ बघून ओळखतात. ढोलाचा धक्का तेवढा जाणवतो, पायातून."

थोरली भिंतीला टेकली. म्हणूनच मास्तर बूट काढून वाजवायला लागले होते. सगळ्यांनी त्यांची थट्टा केली होती, म्हातारपणी नवे चाळे म्हणून. वर्गातली निम्मी पोरं आता अनवाणी वाजवायची, मास्तरांची नवी शैली समजून. आणि आपण, जिला गादीखालची हवा ऐकू येते, तिला आपल्या बापाला ऐकू येत नाही हे ऐकू आलं नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मी रोज सकाळी त्याला अख्खा पेपर वाचून दाखवते रे," आत्या म्हणाली. ती बाकावर बसली होती. तिचा आवाज तिच्यासारखा नव्हता. "तो मान डोलावतो. मला वाटायचं, दादा आता समजूतदार झालाय. मला मध्येच तोडत नाही."

एरवी या वाक्यावर घर हसून लोटपोट झालं असतं. आता कुणी हसलं नाही. मास्तर खिडकीत पाठमोरे उभे होते आणि त्यांची बोटं चौकटीवर हलकेच कसलासा ताल धरत होती. त्यांच्या पाठीमागे बोलणं किती सोपं आहे, हे ध्यानात आल्यावर थोरलीच्या अंगावर काटा आला. तरी सगळे तिथंच बोलत राहिले.

"मग हे स्मृतिदालन तुझंच डोकं," ती धाकट्याला म्हणाली.

"प्रस्ताव समितीचा आहे. मी विरोध केला नाही, एवढंच. ताई, एक दिवस भर कार्यक्रमात त्यांचा हात सुटेल. लोक आधी एकमेकांकडे बघतील, मग हसतील. मला ते बघायचं नाही. त्यापेक्षा आज मानानं उठू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि तळघराचं काय?"

"तळघराचं सोड. मी रोज कुणाला तरी खाट नाही म्हणून परत पाठवतो. घरी येऊन जेवण जात नाही मला. त्याच शहरानं जॅझवर पैसा खर्च करायचा? ज्याला ऐकायचंय त्यानं तिकीट काढावं."

"मग वरच्या मजल्यावर पुस्तकं घेणाऱ्यानं तिकीट का काढू नये? बागेत बसणाऱ्यानं?"

"पुस्तक कुणालाही कळतं. बागेतही सगळे जातात. जॅझ किती जणांना कळतो?"

"वर्गात आलेल्या प्रत्येकाला कळतो. कालच एक बाई क्लॅरिनेट घेऊन आली दुरुस्तीला. दिवसभर बँकेत बसते. म्हणाली, आठवड्यात वर्गाची ती एकच संध्याकाळ अशी असते की मी बोलते तेव्हा चार जण ऐकतात, आणि ते बोलतात तेव्हा मला गप्प बसावं लागतं. अशी दुसरी जागा दाखव या शहरात. तुझ्या समितीत तरी आहे का?"

"मग तिनं द्यावेत पैसे."

"तिकीट विकायचं तर काय मिळणार हे आधी सांगावं लागतं. आमच्याकडे ते वाजवणाऱ्यालाच माहीत नसतं. काल जमलं ते आज जमेल याची खात्री नाही. रोज नव्यानं पडायची मुभा लागते. ती दुकानदार देत नाही रे, सगळ्यांनी मिळूनच द्यावी लागते. आणि काचेमागे ठेवून ते टिकत नाही. काचेमागे फक्त ड्रम टिकतात."

धाकट्याच्या आधी आत्याच बोलली, आणि जे बोलली त्यानं थोरलीला दुसरा धक्का बसला. तळघरात पहिलं गाणं आत्यानं म्हटलं होतं. शहराकडून ती जागा मिळवायला तिनं नगरसभेच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आज सकाळी निघताना, ही जागा गेली तर माझं प्रेतच जाईल, असंही ती म्हणाली होती.

"जाऊ दे तळघर," आत्या म्हणाली. "कुणाला काही सांगू नका. चारचौघांत त्याला बहिरा म्हटलेलं मला ऐकवणार नाही."

"आत्या, तू सुद्धा?"

"गाणं काय, कुठंही म्हणेन. हा एकच भाऊ आहे मला."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं तरी कुणाला? थोरलीनं मदतीसाठी इकडे तिकडे पाहिलं. जिच्याकडून तिनं कधीच अपेक्षा केली नव्हती ती भावजय चहाचा पेला ठेवून पुढं आली.

"संमती मागे घेता येते," भावजय म्हणाली. "मतदान होईपर्यंत. पण कारण द्यावं लागेल आणि ते सगळ्यांसमोर द्यावं लागेल. आमच्या घरात मान देतात, हे कारण मी कोर्टात मांडलं तर न्यायाधीश मलाच, बरं वाटत नाही का, असं विचारतील."

"मग कुठलं कारण?"

"खरं. प्रश्न त्यांना ऐकू आला नाही. जो प्रश्न ऐकलाच नाही त्याला होकार कसला?"

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" धाकट्यानं विचारलं.

"बाजूचं मग बघू. त्यांना प्रश्न कळला नाही हे तुला माहीत होतं, आणि तू उठून त्यांच्या तोंडी उत्तर घातलंस. प्रेमानं घातलंस, मला कळतं. तरी ते मला आवडलेलं नाही, आणि घरी गेल्यावर आवडेल असं समजू नकोस."

धाकटा लालबुंद झाला. "मग जाऊन विचारा बाबांनाच. मी विचारलंय. ते काय म्हणाले सांगू? हे कुणाला कळलं, तर त्याच दिवशी मी काठ्या खाली ठेवीन. त्यांच्या तोंडचे शब्द आहेत. आता ठरव ताई. तुझं तळघर हवंय की त्यांचं वाजवणं."

आतून घंटा वाजली. माणसं पेले ठेवून आत निघाली. मास्तरांनी घंटा ऐकली नव्हती, पण माणसं हलताना त्यांनी काचेत पाहिली आणि ते वळले. हसून त्यांनी थोरलीपुढे हात केला, तिनं धरावा म्हणून. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालेली ती त्यांचा हात धरून आत गेली.

*

चार पावलांच्या त्या वाटेवर तिला मागचा शनिवार आठवला. मास्तरांनी लय जराशी पुढं नेली होती, आणि बँडमधला बासवाला काही न बोलता त्यांच्या समोर सरकला होता. पुरुषभर उंचीचं ते तंतुवाद्य ओढत. ती स्वतः हल्ली वाजवताना खांदा हलवायची, ठोक्याठोक्याला. वयानुसार लागलेली वाईट सवय म्हणून स्वतःवरच वैतागायची. तो खांदा कुणासाठी हलत होता, हे तिला आत्ता कळलं.

"मतदानाआधी काही सांगायचंय का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

धाकट्यानं डोळ्यांनीच तिला नको म्हटलं. आत्यानं डोळे मिटून घेतले होते. थोरली उठली.

"संमती मागे घ्यायची आहे. माझ्या वडिलांनी आपला प्रश्न ऐकला नाही."

"मी पुन्हा विचारते."

"पुन्हा विचारूनही ऐकू येणार नाही. त्यांना ऐकू येत नाही. दोन हिवाळे झाले. मला आत्ता चहाच्या वेळी कळलं."

मागच्या बाकावर कुणाच्या तरी तोंडून "काय?" एवढंच निघालं. बासवाला तिथंच बसला होता, त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

अध्यक्षबाई दुष्ट नव्हत्या. त्यांनाही धक्का बसलेला दिसत होता. पण खुर्चीवर बसलं की माणसाला खुर्चीचं बोलावं लागतं. "म्हणजे," त्या शब्द जुळवत म्हणाल्या, "आपण अनुदान मागताय ते ज्या बँडसाठी, त्याच्या प्रमुखालाच ऐकू येत नाही. मग ते कशासाठी द्यायचं, हेही सांगा."

पाठ केलेलं सगळं थोरलीच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. संस्कृती, परंपरा, शहराचा लौकिक, त्यातलं एकही वाक्य हाताशी येईना.

"याचसाठी," ती म्हणाली. "दोन हिवाळे त्यांना ऐकू येत नाही आणि बँड पडलेला नाही. आपल्यापैकी कितीतरी जण ऐकायला आलात, कुणाला कळलं? आम्हालाही कळलं नाही. बासवाला त्यांच्या नजरेसमोर सरकला, मी खांदा हलवायला लागले, पियानोवाली डावा हात उंच उचलून मारायला लागली. कुणी कुणाला सांगितलं नाही. आम्ही त्यांना सांभाळत होतो आणि आमचं आम्हालाच ठाऊक नव्हतं. हे त्यांनीच शिकवलंय. शेजारच्याचं बिनसलं की त्याला उघडं पाडायचं नाही, आपलं वाजवणं वळवायचं आणि त्याला गाण्यात ठेवायचं. वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच शिकवतात, फुकट. एवढ्या वर्षांत किती माणसं हे शिकून त्या जिन्यानं वर आली असतील आणि आपापल्या कामाला गेली असतील. शहराला याची गरज नाही असं वाटत असेल तर बंद करा. पण त्यांची मान बघून बंद करू नका. ती त्यांनी मला दिली होती."

ती बसली नाही.

अध्यक्षबाईंनी दोन्ही बाजूंच्या सभासदांशी कुजबुज केली. "संमतीची नोंद काढून टाका," त्या शेवटी म्हणाल्या. "संमती नाही, तेव्हा प्रस्तावही नाही. तळघर आहे तसं चालू राहील."

टाळ्या पडायला हव्या होत्या. एकही पडली नाही. सगळी खोली मास्तरांकडे बघत होती.

लोकांनी आपल्याकडे बघणं मास्तरांना नवं नव्हतं. जन्म त्यातच गेला होता. पण अशा नजरा त्यांनी पाहिल्या नसाव्यात. त्यांनी बासवाल्याकडे पाहिलं, तो डोळे पुसत होता. धाकट्याकडे पाहिलं, तर त्यानं तोंड फिरवलं. मग ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"काय सांगितलंस तू त्यांना?" त्यांनी थोरलीला विचारलं.

आत्या जागेवरूनच नाही, नाही, अशी मान हलवत होती. थोरली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, तोंडावर उजेड पडेल अशी.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही, असं सांगितलं."

मास्तर तिच्या ओठांकडे बघत होते. शब्द पोचले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं, सरळ उभे राहिले आणि वर्गात पोरांना म्हणायचे त्याच सुरात म्हणाले, "मोठ्यानं सांग. घाबरलीस की तुझा आवाज पडतो. मागच्या बाकापर्यंत गेला नसेल."

थोरलीनं मोठ्यानं सांगितलं.